त्या दोघी कुठलोग आल्या?

जऊळक्याच्या स्टेशनावर सकाळची गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात बाबांनी माझी बॅग वर चढवली, खिडकीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी दिली आणि गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "पोचल्यावर तं सांगच. पन मधातही सांगत जाय, कुठलोग आली ते." अकोला, भुसावळ, मुंबई, सगळीकडून मी फोन केला, इथपर्यंत आले म्हणून. विमान उडाल्यावर मात्र सांगायला गावाचं नाव उरलं नाही.

आता मी जर्मनीत राहते. ओळखीच्यांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेन. दुर्बीण आहे तिकडे अवकाशात. मी सकाळी नऊला ऑफिसात हीटरशेजारी बसते आणि तिनं पाठवलेला डेटा साफ करते. माझ्या वाट्याला एकच जोडी आली आहे, एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारख्या. त्यांचा फोटो घरी पाठवला तेव्हा बाबांनी विचारलं, "टक्कर हाये तं तुटफूट काहून नाही दिसत?" मी सांगितलं, ताऱ्यांमध्ये इतकं अंतर असतं की तारा ताऱ्याला सहसा लागतच नाही. फक्त ओढाताणीत आकार बिघडतो आणि काही तारे लांब बाहेर फेकले जातात. "म्हंजे घरचेच बाहेर फेकल्या जाते," बाबा म्हणाले. मी हसले होते.

त्यानंतर दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "त्या दोघी कुठलोग आल्या वं?" जणू सोयाबीन किती वर आलं, असं विचारावं. कोट्यवधी वर्षं लागतात बाबा, असं मी सांगायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एका रविवारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. मी ताडकन म्हणाले, "तुमच्या जन्मात काही होणार नाही त्यांचं, माझ्याही नाही. कायले विचारता दर वेळी?" ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

पुढचे चार रविवार बाबा फोनवर आलेच नाहीत. "वावरात गेले," आई सांगायची. इथं रविवारी दुकानं बंद, रस्ते ओस. माझ्या आठवड्यातली सगळी मराठी त्या एका फोनवर, आणि त्यातलीही अर्धी गेली. फार एकटं वाटायचं. फोन ठेवला की मी उगाच भांडी पुन्हा घासायची.

शेवटी आईच बोलली. "तुह्या कामातलं त्याईले तेवढंच इचारता येते वं. तूबी तं दर वेळी इचारतं, तूर फुलावर आली का. भर उन्हाळ्यात इचारलं होतं, वावर रिकामं पडलं होतं. तरी सांगतलंच ना त्याईनं?"

मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं काम केलं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्या दोघींचा वेग घेतला आणि एका आठवड्याचा हिशोब मांडला. स्क्रीनवर ठिपकाभरही फरक दिसणार नव्हता, पण अंतर खरंच कमी होत होतं.

पुढच्या रविवारी आईला म्हटलं, बाबांच्या हातात फोन दे, काही का म्हणेनात. "बाबा, मागच्या रविवारपासून त्या दोघी कोट्यवधी किलोमीटर जवळ आल्या. फोटोत दिसत नाही, पण आल्या."

मग ते म्हणाले, "मंग! चालून राह्यल्या तं येतीनच." आणि हळूच, "अन् तू वं? तू कुठलोग आली?"

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले आपापलं घर कुठं ठेवतात, मला माहीत नाही. माझं घर आता तिथं आहे, जिथून दर रविवारी मला हे विचारलं जातं.