तिसरं 'गेट रेडी'

आमच्या घरात इंग्रजी फक्त मी बोलत असे, आणि तेही दोनच शब्द. गेट रेडी.

हे दोन शब्द मी ऑफिसातून आणले होते. तपासणी आली की आमचे साहेब दारात उभे राहून 'गेट रेडी' म्हणत, आणि डुलक्या घेणारे आम्ही सगळे कारकून क्षणात फायलींच्या मागे दिसेनासे होत. मला ते भारी आवडलं. घरी 'आवरा, आवरा' म्हणून माझा घसा बसायचा आणि बायको म्हणायची, "आवरतेयच की, नाचू व्हय?" 'गेट रेडी'ला मात्र तिला उलट बोलता येईना. (ती हसू दाबत असायची, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.)

मग मी शिस्तच लावून टाकली. पहिल्या 'गेट रेडी'ला अंघोळी. दुसऱ्याला कपडे. तिसऱ्याला चपला. तिसरं झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकदा अंबाबाईला जाताना सुमन, म्हणजे बायको, आणि आमच्या दोन्ही मुली दुसऱ्यालाच टांग्यात जाऊन बसल्या. मी तिघींना खाली उतरवलं, परत घरात नेलं, तिसरं म्हटलं आणि मगच बसवलं. टांगेवाला माझ्याकडं बघायचं टाळून घोड्याकडं बघत राहिला.

सत्तर साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, कुरुंदवाडला राहायची. तिच्या शालनचं लग्न ठरलं. भावजी जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळं शालनच्या पाठीशी उभा राहायला मी एकटा मामा. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, आणि ती जी पिवळी साडी नेसून येते तीही मामाकडचीच. मुलाचे वडील कडक. बोलणी करताना दोनदा विचारलं होतं, "मामा येळंवर येणार न्हवं?" आक्का छाती काढून म्हणाली होती, "माझा दिनकर म्हंजे घड्याळ हाय." तेव्हापासून मी एसटीचं वेळापत्रक पाठ करत सुटलो.

मुहूर्त अकरा चाळीसचा. सातची एसटी धरली तरच आम्ही वेळेत पोचणार. पुढची गाडी दहाची, म्हणजे थेट पंगतीला. पहाटे पाचला मी पहिलं 'गेट रेडी' दिलं, साडेपाचला दुसरं. मधल्या वेळात मुलींच्या वेण्या तपासल्या, पिशवीतली पिवळी साडी तीनदा बाहेर काढून तीनदा आत ठेवली.

"सुमन, साडी घेतलीस?"

"तुमच्याच हातात हाय ती."

सव्वासहाला नवीन धास्ती. लग्नसराई आहे, जागा नाही मिळाली तर? घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. म्हटलं, पळत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकावा, जागा धरून परत यावं, कपडे करावेत, तिसरं म्हणावं आणि सगळ्यांना घेऊन निघावं. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, बंडी, खांद्यावर टॉवेल, असा निघालो.

"अवो, कापडं तरी घाला," सुमन म्हणाली.

"दहा मिनिटांत आलो. तोवर कुणी हलायचं नाही."

गाडी लागलेलीच होती. खिडकीतून टॉवेल टाकून वळतोय, तोच आतल्या एका बाईनं तो उचलून माझ्या अंगावर परत टाकला. "टावेल जानार व्हय कुरुंदवाडला? मानूस दावा." झक मारत आत गेलो आणि चार जागांवर जमेल तेवढा पसरलो. आता उठावं तर जागा जाणार, बसावं तर घर राहणार. तरी धीर होता, कारण सातची गाडी सव्वासातच्या आधी सुटलेली आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

त्या दिवशी ती बरोब्बर सातला सुटली.

"थांबवा! माणसं यायचीत!" मी ओरडलो. दार आणि माझ्यामध्ये पाट्या, ट्रंका आणि गुळाच्या ढेपा. तिथपर्यंत पोचेस्तोवर शहराबाहेरची शिरोली आली.

"किती?" कंडक्टरनं विचारलं.

"चार कुरुंदवाड." सवयीनं तोंडातून गेलं.

"बाकीचे तीन कुठायत?"

"येतायत."

"कुठनं, मागनं पळत?" त्यानं माझी बंडी न्याहाळली. "पावणं, उतरायचं तर हितं उतरा. न्हायतर गप बसा."

उतरावं तर शालन मामाविना, बसावं तर साडीविना. शेवटी बसलो. म्हटलं, सुमन काय खुळी आहे? गाडी गेलेली कळली की करेल काहीतरी. आणि मग आठवलं, तिसरं 'गेट रेडी' मी अजून म्हटलेलंच नाही. तिघी नटूनथटून, साडीची पिशवी मांडीवर घेऊन, उंबऱ्याच्या आत बसलेल्या असणार.

कुरुंदवाडला मांडवाच्या तोंडाशीच आक्का भेटली. "दिनकरा, ह्यो काय अवतार? सुमन कुठाय? साडी कुठाय?"

"घरी."

"घरी का?"

"मी हलू नका म्हणून सांगितलंय."

आक्का मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्याह्यांस्नी मी काय तोंड दावू रं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं मला मागच्या खोलीत ढकललं. लग्नघरात जादा सदरा कुणाकडं असणार? शोधाशोधीत अकरा वाजले. शेवटी बँडचे म्होरके रशीदभाई धावले. त्यांनी ट्रंकेतून जादाचा कोट काढला. लालभडक, खांद्यावर सोनेरी झालरी, पितळी बटणं. "घाला मामा. फकस्त आमच्याजवळ हुभं ऱ्हाऊ नका, लोक वाजवाय सांगतील."

बाहेर आलो तर समोर मुलाचे वडील. "बँडवाल्यांनी भाईर थांबा. मामाला बोलवा."

"मीच मामा."

त्यांनी माझी बटणं वरपासून खालपर्यंत मोजली. घड्याळात सव्वाअकरा.

एवढ्यात दारात ट्रकचा हॉर्न वाजला. आमच्या शेजारच्या ड्रायव्हरचा ट्रक, आणि त्यातून सुमन आणि मुली, तयार, वेणीला वेणी जुळलेली. मी पळत गेलो.

"सव्वासातपत्तुर तिसऱ्याची वाट बघितली," सुमन म्हणाली. "मग मोडला तुमचा नेम. इचलकरंजीत माल उतरवून ट्रक हिकडं आला, म्हनून उशीर."

"आणि माझे कपडे?"

"त्ये आणाय सांगितलं न्हवतंसा." पिशवी घेऊन ती नवरीच्या खोलीत शिरली आणि आतून तिचा आवाज आला, "शालन, गेट रेडी."

मुहूर्त गाठला. अक्षता पडताना आक्का रडत होती, आणि खरं सांगतो, लाल कोटात मीही रडत होतो.

परवा शालनच्या घरी तिची मुलगी लग्नाचे फोटो बघत होती. "आई, तुझ्यामागं मामा कुठाय?"

"मामा तयार होत हुता," शालन म्हणाली. "म्हनून बँडवाल्याला हुभा केलता."

मी शेजारीच चहा पीत होतो. पोरगी म्हणाली, "वाजवायचा का पण चांगला?"

"कशाचं," सुमन म्हणाली. "त्याला दोनच शब्द वाजवाय यायचे."