तांबड्या कालवडीचा अर्धा उपदेश

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे ‘शेवटची मावशी’ म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे. मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ ती घालते म्हणून हे नाव. “बरं आहे की,” ती म्हणते, “अजून एकानेही परत येऊन तक्रार केलेली नाही.” तिची जीभ ही अशी.

शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या दुकानामागची खोली हे तिचं कामाचं ठिकाण. उताराची फरशी, कोपऱ्यात मोरी, खुंटीला रबरी एप्रन आणि भिंतीवर गिझर. हा गिझर तिने सुताराशी भांडून बसवून घेतला. मेलेल्याला गरम पाणी कशाला, असं तो म्हणाला, तेव्हा तिने त्याला सांगितलं, “ठीक आहे, तुझी पाळी आली की तुला गारच घालते.” दुसऱ्या दिवशी गिझर हजर. काम करताना ती त्या माणसांशी बोलत असते. “काका, हात सैल सोडा. झालंच आता.” “आजी, किती गुंता करून ठेवलाय केसांचा!” मी शिवणकाम करते. मला जिवंत माणसांची मापं घेतलेलीच बरी.

ज्यांच्या आईबापांना तिने न्हाऊ घातलं, तीच माणसं चर्चमध्ये तिच्याशी दुरून हसून बोलतात. बाकावर तिच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असते. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे, आणि मी ते बोलून दाखवते, म्हणून मंडळीत मी फटकळ ठरले आहे.

तिचा मुलगा वेगळा राहतो, त्याला मुलगी झाली. सून वाईट नाही, हे आधीच सांगते. पहिलटकरीण, त्यात बाळ नाजूक. सासूने कितीही साबण लावला तरी बाळ तिच्या हातात द्यायला सुनेचं मन मानेना. माझ्या बहिणीने नात पाळण्यात पाहिली, जवळ घेतली नाही. शेवटी मुलाने बायकोची मनधरणी केली आणि असं ठरलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला आजीने धरायचं. बहीण माझ्याकडे आली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, “बघ गं, नखं नीट कापलीत ना?” साठी उलटलेली बाई, पण चेहरा असा, की मला हसू आवरेना.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला तांबडी कालवड घेतली. प्राचीन यहुदी लोकांत प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. निर्दोष तांबडी कालवड छावणीबाहेर जाळायची, तिची राख वाहत्या पाण्यात कालवायची, ते पाणी शिंपडलं की तो शुद्ध. जो शुद्ध करून घेणार नाही, त्याला मंडळीतून काढून टाकायचं. साहेब तरुण, अभ्यासू. चांगले रंगात आले. पण सुरुवातीच्या सूचनांनीच निम्मा वेळ खाल्ला होता. पुढच्या बाकावरचे वडीलधारे घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा साहेब म्हणाले, “आज आपल्याला ख्रिस्तात याचा अर्थ काय, ते पुढच्या रविवारी पाहू.” आणि खाली उतरले.

रोग आज सांगायचा आणि औषध आठवड्याने द्यायचं! माझं डोकंच फिरलं. बहिणीकडे पाहिलं, तर ती मांडीवरच्या बायबलखाली हात घालून बसली होती.

बाहेर आल्यावर सून हळूच म्हणाली, “बघा आई, मी काही माझ्या मनचं सांगत नव्हते. शास्त्रातच आहे. या आठवड्यात तरी कुणाला शिवू नका.”

“नाही शिवत,” बहीण म्हणाली. सुताराला तिने तसा निरोपही दिला.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “वेडी आहेस का? ते जुन्या करारातलं आहे, ख्रिस्ताच्या आधीचं.”

“देवानेच सांगितलेलं ना? मग इतकी वर्षं मी सगळ्यांच्यात कशी बसले गं?”

तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांची आई गेली. मी बहिणीच्या घरी बाळाच्या झबल्याला लेस लावत होते. साहेब दारात उभे राहिले. “मावशी, आईला...”

बहिणीने डोळे पुसले. पण म्हणाली, “साहेब, उद्या मला नातीला धरायचंय. सात दिवस, असं तुम्हीच सांगितलंत.”

साहेब पायरीवर बसले. “अर्धंच सांगितलं मी. कालवड जाळणारा, राख गोळा करणारा, पाणी शिंपडणारा, ही सगळी माणसं शुद्ध होती, मावशी. दुसऱ्याला शुद्ध करता करता ती स्वतः अशुद्ध झाली. ख्रिस्ताने तेच केलं. सगळ्यांची घाण अंगावर घेऊन वेशीबाहेर क्रुसावर गेला. आता राख लागत नाही, दिवस मोजावे लागत नाहीत.”

“हे गेल्या रविवारी का नाही सांगितलंत?”

“वेळ संपला होता.”

मी काहीतरी लागेल असं बोलणार होते, पण बहिणीने मला डोळ्यांनीच गप्प केलं. तिने सुनेला फोन लावला. “अगं, साहेबांची आई गेली. मी जातेय.” पलीकडून फोन ठेवल्याचं मलासुद्धा कळलं. तिने चपला घातल्या. “चला साहेब. पाणी मात्र तुम्ही घाला, माझा खांदा दुखतोय.” खांद्याला तिच्या काहीही झालेलं नव्हतं.

त्या दिवशी मी खोलीच्या दारापर्यंत गेले. साहेबांच्या हातात पाण्याचा जग होता. “बोला तिच्याशी,” बहीण म्हणाली, “मुलगा गप्प आहे म्हणून घाबरेल ती.” मग केसांवर पाणी सोडताना साहेब म्हणाले, “आई, डोळे मीट हं, साबण जाईल.” मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी दफन झालं. रविवारी साहेब तरीही उभे राहिले आणि राहिलेला अर्धा उपदेश त्यांनी दिला. अडखळतच दिला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग मुलगा आणि सून पुढे गेले. सुनेने बाळ सरळ साहेबांच्या हातात दिलं. बहीण शेवटच्या बाकावर होती.

“आजी धरणार होत्या ना?” साहेबांनी विचारलं.

“त्या काल... तुम्हाला माहीतच आहे.”

“काल मीही तिथेच होतो. पाणी मीच घातलं. हे तेच हात आहेत.”

सून गोंधळली. “तुमचं वेगळं आहे, साहेब.”

“काय वेगळं आहे?”

तिने वळून बाकांकडे पाहिलं. आत्ताच आमेन म्हणालेली तोंडं सगळी जमिनीकडे वळली. मला एकेकाचं नाव घेऊन विचारावंसं वाटत होतं.

तेवढ्यात बहीण उठली. मला वाटलं पुढे जाते. ती दाराबाहेर गेली. आपल्यापायी बाळाचं अडायला नको, एवढंच तिच्या मनात असणार. साहेबांनी एका हातावर बाळ सांभाळलं, दुसऱ्या हातात पाण्याचा वाडगा घेतला आणि ते तिच्या मागे निघाले. मग आम्हीही उठलो. सून धावतच आली.

पायरीवर साहेब म्हणाले, “मावशी, धरा.”

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. “नको, साहेब.”

“अहो, ते संपलं. आत्ताच सांगितलं ना मी?”

“ऐकलं मी. पटलंही. पण हात ऐकत नाहीत.”

ती सुनेकडे बघत होती. सुनेने नुसतं “धरा, आई” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सून रडत होती. बाळ परत घ्यायलाही तिने हात पुढे केले नाहीत. मी तिला माफ करायचा प्रयत्न करते आहे, अजून जमलेलं नाही. अर्धाच उपदेश देऊन उतरलेल्या साहेबांना तर त्याहून नाही.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तिथेच पायरीवर बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. माझ्या बहिणीची नात तिच्यापासून हातभर अंतरावर ख्रिस्ती झाली. गार पाण्याने पोर किंचाळून रडली, तसे बहिणीचे हात आपसूक पुढे आले, आणि अर्ध्या वाटेत थांबले.