पिवळं खोकं सकाळचं

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीतून आलेला तो तक्रार अर्ज मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

अर्ज मालकाचा होता. ऑफिसच्या कपाटातली प्रिंटरची नवी इंक कार्ट्रिज चोरीला गेली, आणि चोराने त्यांच्या खोक्यांत वापरलेली, रिकामी घालून ठेवली. संशयित एकच : साफसफाई करणारी बाई, राहणार दिघा. सोबत रखवालदाराची खबर, की ही बाई कार्ट्रिजची खोकी पिशवीतून घरी नेते, त्याने स्वतः पाहिलंय.

त्या कपाटाला हात लावणारे सगळे, संशय एकीवर. सर्वांत कमी पगार कुणाचा, हे बघून संशयित ठरवायची ही रीत मी नोकरीभर पाहिली. तिची चीडही नोकरीभर आली.

मालक समोर बसून सांगत होता, "साहेब, टेंडरचे कागद काढायचे होते. शाई संपली. कपाट तर भरलेलं. एक खोकं उघडलं, आत जुनं. दुसरं उघडलं, जुनं. सगळा माल साफ."

"बाईची झडती घेतलीत?"

"पिशवी टेबलावर उलटी केली. नुसता डबा निघाला. हुशार आहे ती."

"कुणासमोर?"

"स्टाफ होता की सगळा."

यात काही चुकलं, असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करू म्हटलं. दुपारी बाईला बोलावलं, महिला शिपाई सोबत बसवली.

"बाई, खोकी नेलीत का?"

"नेली की. इचारून नेली. रिफिलवाला येतो, आतलं घिऊन जातो, खोकी टाकून जातो. कचऱ्यातच जायची ती."

"घरी कशाला लागतात?"

"सासूच्या गोळ्यांना." मग तिने मान वर केली. "घर बघायचं तर आत्ता चला, साहेब. पर गल्लीत जीप नका आणू. काम गेलं तर दुसरं बघंन. चोर म्हणलं तर कोण दारात उभं करंल?"

जीप मोठ्या रस्त्यावर ठेवली. वर्दीवर साधा शर्ट चढवला आणि आम्ही चालत गेलो.

एका खोलीचं घर. फळीवर तीन खोकी ओळीने. म्हातारी सासू उठून बसली. "जय भीम, साहेब. सुनंनं काय केलं का?"

"जय भीम, आजी. काही नाही. या खोक्यांत काय ठेवता?"

"गोळ्या. मला वाचाय येत न्हाई, दिसतंय बी अंधुक. रंग तेवढा कळतोय. पिवळं खोकं सकाळचं, गुलाबी दुपारचं, निळं रातचं. सुनंनं लावून दिलंय."

महिला शिपाईने खोकी ताब्यात घ्यायला पिशवी काढली होती. तिने ती घडी घालून खिशात ठेवली. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पण घर बघून मन हेलावलं, तरी तो पुरावा होत नाही. नवी कार्ट्रिज गेली कुठे, हा प्रश्न उभाच होता.

ठाण्यात परतलो. बाईचा जबाब छापायला घेतला आणि प्रिंटर अडला. लिखापढीचा हवालदार म्हणाला, "काळी संपली, साहेब." त्याने कपाटातून नवं खोकं काढलं, फोडलं, कार्ट्रिज बसवलं. जुनं त्याच खोक्यात घातलं, झाकण लावलं आणि खोकं परत कपाटात.

"हे काय केलंत?"

"जुनं ठेवलं. उघडं ठेवलं की शाई सगळीकडे लागते. रिफिलवाला आला की देऊ."

"नवं कुठलं, जुनं कुठलं, कळणार कसं?"

"मला माहितीय ना."

"उद्या बदली झाली तुमची तर?"

महिला शिपाई हसली. "तर नवीन हवालदार तुमच्यावर केस टाकतील, दादा."

दुसऱ्या दिवशी बाईला सोबत घेऊन कंपनीत गेलो. एकेकाला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला : नवं बसवल्यावर जुनं कुठे ठेवता? "त्याच खोक्यात, रिफिलवाला येईपर्यंत." सगळ्यांचं उत्तर तेच. खरेदी बघणारा म्हणाला, "कपाट भरलेलं दिसायचं, म्हणून नवीन मागवलीच नाहीत." चोरी झालीच नव्हती. सगळी शाई याच ऑफिसने छापून संपवली होती.

मालक म्हणाला, "गैरसमज झाला, साहेब. अर्ज मागे घेतो. तिला उद्यापासून पाठवा."

ती माझ्या मागेच उभी होती. "ज्यांच्यापुढं पिशवी उलटी केली, त्यांच्यापुढं सांगा," ती म्हणाली. "मग येते."

मालकाने माझ्याकडे बघितलं. कोणत्याही कलमाखाली मी त्याला हे करायला लावू शकत नव्हतो. मी फक्त तिथून हललो नाही. शेवटी त्याने सगळ्यांना बोलावलं. "मावशींनी काही घेतलं नव्हतं. चूक आमची." आवाज बारीक होता, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. बाईने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने हसू झाकलं.

या प्रकरणाने मला शिकवलं, की "कोणी नेलं" हे विचारण्याआधी "गेलं का" हे विचारायचं. आणि ऑफिसवाल्यांनो, तुम्हाला स्पष्ट सांगतो. सीलबंद खोकी एका खणात ठेवा, रिकामी दुसऱ्या खणात, वर मार्करने मोठी फुली. तरीही काही कमी पडलं, तर चौकशी जरूर करा. फक्त ती मालकाच्या केबिनपासून सुरू करा.