धुऱ्याजवळची जागा

फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या बसस्टँडवर सानगडीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. विनूच्या कंपनीतला दुसरा एक पायलट बोलत होता. "ताई, विमान उतरलं, पण थांबलं नाही..." मुसळधार पाऊस, आखूड धावपट्टी, एका मालकाचं छोटं खासगी विमान, चालवणारा विनू. धावपट्टी संपली आणि ते पुढच्या नाल्यात गेलं. मागे बसलेले दोघे वाचले. माझा धाकटा भाऊ गेला.

महिना उलटून गेलाय. चौकशी अजून सुरू आहे. गावात मात्र निकाल कधीच लागला. "घाई केली असंल पोट्ट्यानं." बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण विनूला कोणी घाईखोर म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बारावीत असताना चिखलणी करता करता त्याने ट्रॅक्टर धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, ओलांडून थेट शेजाऱ्याच्या बांधीत, त्याच्या भातखाचरात, घातला होता. नुकताच रोवलेला धान चिखलात गेला. बापलेकांनी मिळून तो बांध पुन्हा घातला, रोपं पुन्हा लावली. त्या दिवशी विनूसाहेबांनी जी धास्ती घेतली ती कायमची. पुढे पायलट झाला, तरी रोवण्याच्या दिवसांत सुटी काढून यायचा, आणि ट्रॅक्टर धुऱ्याच्या कितीतरी अलीकडेच वळवायचा. उरलेली पट्टी बाबांना फावड्याने करावी लागे.

"काहून एवढी जागा सोडून राहिला रे? इथं विमान उतरवतं का?"

"थांबाले जागा पाह्यजे, बाबा. चिखलात ब्रेकचा भरवसा नाही."

असं म्हणणारा माझा भाऊ... त्यालाच जागा पुरली नाही. पाणी किती होतं, त्याने विमान पुन्हा वर का नेलं नाही, मला माहीत नाही. चूक त्याची निघाली तरी तो माझाच आहे. बाबा मात्र तेरवीपासून एकच विचारतात, "त्यानं जागा ठेवली नसंल काय, बाई?"

गेल्या आठवड्यात आमची चिखलणी झाली. ट्रॅक्टर बाबांनीच चालवला. दुसऱ्या दिवशी बायांबरोबर रोवता रोवता मी धुऱ्याजवळ आले तर कडेची पट्टी तशीच होती, गवतासकट. मी फावडं उचललं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तेवढी जागा ठेवली हाये मी त्याच्यासाठी."

मी फावडं खाली ठेवलं. बाया पुढच्या बांधीत उतरल्या.