पहिल्या आलेल्यांचे पेढे

"पहिला तो पहिला," असं म्हणून काका रिमोट उलटा करून टीपॉयवर ठेवायचे. बेसबॉलचे साखळी सामने संपले की त्यांच्यापुरता हंगाम संपला. पुढची बाद फेरी सगळी गल्ली बघायची, काकांचा टीव्ही मात्र बंद.

अमेरिकेतल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच काका. मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनियर, एकटे राहायचे. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याच्या शेजारी बसून सामना बघायचा म्हणजे भांडणाची तयारी ठेवायची. मला बेसबॉल त्यांनीच शिकवला.

"वसंतापासून रोज घाम गाळायचा," ते तणतणायचे, "आणि शेवटी काय? पूर्वी मोजकेच संघ पुढे जायचे. आता सहाव्यालाही आमंत्रण! तो येतो, पहिल्याला पाचांतल्या तीन सामन्यांत हरवतो, की पहिल्याचं अख्खं वर्ष पाण्यात. कशासाठी? टीव्हीवर आणखी चार सामने दाखवता यावेत म्हणून!"

मी वाद घालायचे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून एका परीक्षेच्या जोरावर इथवर आले, त्या परीक्षेचे उपकार विसरलेले नाही. म्हटलं, "काका, मागे राहिलेल्यालाही संधी नको का?"

"अगं, परीक्षा सगळ्यांनी दिली, तीच त्याची संधी. निकाल लागला, तुला प्रवेश मिळाला. मग कॉलेजने सांगितलं असतं की आता सहाव्या नंबरबरोबर आणखी एक पेपर दे, तो जिंकला तर तुझी जागा त्याची, तर?"

 त्या कल्पनेनेच मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचा संघ कधीच विजेता झाला नव्हता. होईल त्या दिवशी गल्लीभर पेढे, असं काकांनी जाहीर करून ठेवलं होतं. मिल्क पावडर आणि केशर कायम कपाटात तयार. पावडर जुनी झाली की नवी आणायची. आम्ही हसायचो.

मग एका वर्षी आमचा संघ कसाबसा बाद फेरीत शिरला, पहिल्या आलेल्या संघाला सलग तीन सामन्यांत घरी पाठवलं आणि चक्क विजेता झाला. गल्लीत हॉर्न वाजले. माझ्या नवऱ्याने काकांच्या दारावर थापा मारल्या, "काका, यार, जिंकलो! पेढे कुठायत?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्टीलचा डबा घेऊन निघाले. आम्ही सगळे दारात उभे. ते आमच्या समोरून सरळ पुढे गेले आणि समोरच्या गोऱ्या आजोबांची बेल वाजवली. आजोबा त्या हरलेल्या, पहिल्या आलेल्या संघाच्या गावचे. त्यांच्या अंगणात अजून त्या संघाचा झेंडा होता.

"यू केम फर्स्ट," काका म्हणाले. "काँग्रॅच्युलेशन्स."

आजोबांनी पेढा हुंगला. "इज इट चीज?"

"ईट, ईट."

नवरा भडकला. "काका, इतकी वर्षं वाट बघितलीत, आणि पेढे त्यांना?"

"वाट बघितली म्हणूनच रे." काकांचा आवाज चिरकला. "मला पहिला आलेला आपला संघ बघायचा होता. हा असला चषक घेऊन काय करू?"

 आपलाच संघ जिंकल्यावर अन्याय झाला म्हणून चिडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?

आता म्हणे बाद फेरीत आणखी संघ घ्यायचा विचार चालू आहे. नवरा खूश. "बरंच आहे, आपला चान्स वाढला." चान्स! वर्षभर जो सगळ्यांच्या पुढे राहिला, त्याचं काय, हे विचारायला आता काका नाहीत. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

आणि यंदा आमचा संघ खरोखर पहिला आला.

साखळी सामने संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात समोरचे आजोबा, हातात काकांचा स्टीलचा डबा. आत वेडेवाकडे, कडेला करपलेले पेढे. कृती काकांनीच सांगून ठेवली होती म्हणे.

"यू केम फर्स्ट," ते म्हणाले.

"अगं, पण अजून बाद फेरी व्हायची आहे," मागून नवरा म्हणाला.

मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.