तारेने ताणलेली मधुमालती

वायरमनला ढिली तार खपत नसे. कारखान्यात त्याची उभी नोकरी भिंतींवरून लाइन टाकण्यात गेली, आणि त्याची लाइन कुणीही फूटपट्टी लावून बघावी इतकी सरळ असे. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. बायको म्हणायची, "यांना मोकळं सोडलं असतं तर माझ्या भांगालासुद्धा क्लिपा ठोकल्या असत्या."

मुलीच्या बाळंतपणाला जाताना तिने त्याला एकच काम सांगितलं होतं. मागच्या भिंतीवरची मधुमालती सांभाळायची. वेल वाढेल तशी जुन्या चादरीच्या चिंध्यांनी बांधत जायची, तीही सैल. गाठीत बोट फिरलं पाहिजे. कुणाच्या तरी कुंपणातला फुटवा आणून तिने ती वाढवली होती. पश्चिमेची खोली पूर्वी दुपारी भट्टीसारखी तापायची. वेल खिडकीवर चढली, खोली निवली आणि तिथे तिचं शिलाई मशीन आलं. तिची सगळी गिऱ्हाइकं त्याच खोलीत बसत.

त्या चिंध्या वायरमनला बघवेनात. "वेल आहे का दवाखान्यातला पेशंट?" म्हणत त्याने त्या सोडून फेकल्या, भिंतीत खिळे ठोकले आणि घरात पडून असलेल्या तांब्याच्या तारेने वेल आवळून टाकली. शेजारचा निवृत्त बस ड्रायव्हर कुंपणावरून म्हणाला, "झकास. आता मीटर कधी बसवताय?" वायरमनला ते कौतुकच वाटलं.

पावसाळाभर खोड जाड होत गेलं. तार होती तेवढीच राहिली.

बायको परत येण्याच्या दिवशी दुपारी खिडकीवरची पानं पार लोंबली होती. आठवडाभर तो नुसतं पाणी वाढवत होता. आता त्याने शिडी लावली आणि फॉल्ट शोधतात तसा वरून खाली आला. नखाने साल खरवडायची, बघायचं. तपकिरी. तपकिरी. खिडकीकडे जाणाऱ्या फांदीच्या बुडाशी एकदम हिरवी. मधे तार होती, पण ती दिसत नव्हती. साल दोन्हीकडून फुगून तिच्यावर चढली होती. इतर गाठींखालीही करकोचे पडले होते.

मग त्याने आयुष्यभर केलं तेच केलं: आधी मेन बंद, मग दुरुस्ती. खालपासून एकेक तार तोडत तो वर गेला. शेवटची तार तुटली आणि सगळी वेल भिंत सोडून त्याच्या अंगावर आली.

त्याने ती खांद्यावर झेलली. कटर हातातून सुटून खाली पडला. बुडाशी खोड कुरकुरलं. खांदा काढला असता तर वेल तिथूनच मोडली असती, मग दुसरी, जिवंत फांदीही गेली असती. एका हाताने खिडकीचा गज धरून तो उभा राहिला. पलीकडे ड्रायव्हरचा रेडिओ चालू होता. हाक मारावी तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार. त्याने बराच वेळ दात आवळून काढला. शेवटी लाज सोडून हाक मारली. रेडिओपुढे ती कुठली ऐकू जाते?

खोड पुन्हा कुरकुरलं. तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं.

"अहो, बॅग घ्यायला तरी या."

"अगं, मागे ये. लवकर."

ती आली. तिने वर पाहिलं, मग खाली पडलेल्या तारांकडे.

"चिंध्या कुठेत?"

"टाकल्या."

"बरं. हलू नका."

ती आत गेली. कापड फाटल्याचा आवाज आला, लांबलचक. कात्री आणि खाकी पट्ट्या घेऊन ती बाहेर आली. त्याने खाकी ओळखली. कारखान्याचा शेवटचा गणवेश, इस्त्री करून कपाटात ठेवलेला.

"तो माझा..."

"हलू नका म्हटलं ना."

मशीनचं स्टूल ओढून बुडापासून वर येत तिने त्याच्याच खिळ्यांना सैल पट्ट्या बांधल्या. वजन हळूहळू खांद्यावरून उतरलं. मग खिडकीचा गज धरून तिने वाळकी फांदी कापली. फांदी पडली तसं ऊन थेट मशीनवर आलं.

"बाळ कसंय?" त्याने विचारलं.

"बरं आहे. मशीन आता तुमच्या हत्यारांच्या खोलीत जाईल."

"आणि हत्यारं?"

"इथे. तापू देत."

शेवटची पट्टी तिने त्याच्या हातात दिली. त्याने गाठ मारली आणि सवयीने खेचली. ती गाठीकडे बघत राहिली. त्याने गाठ सोडली, आत बोट घातलं आणि बोट तसंच ठेवून पुन्हा बांधली.