मधल्या दांड्याचा ट्रायपॉड

आम्हा पुणेकरांना सल्ला विचारायची भारी हौस, मानायची नाही. सातासमुद्रापार हॅमिल्टनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी इथलाच, लहानपणापासून हरणांच्या शिकारीला जाणारा. त्याने मला बरोबर न्यायचं कबूल केलं आणि काम दिलं: मोठ्या दुर्बिणीतून जनावर शोधून द्यायचं. दुर्बिणीसाठी ट्रायपॉड कुठला घेऊ, हे मीच त्याला विचारलं. तो म्हणाला, बुटका घे, जड घे, उंची वाढवणारा मधला दांडा नको, आणि खाली बसून बघ.

मी घरी येऊन एक्सेलमध्ये तक्ता केला. वीसेक मॉडेल, प्रत्येकाचं वजन, उंची, लोकांचे रिव्ह्यू. त्यातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात उंच ट्रायपॉड घेतला, कारण चिखलात फतकल मारून बसायची मला लाज वाटत होती आणि पोटही आड येत होतं. ऑफिसात तो एका बोटावर तोलून दाखवला. वर ऐकवलं, की तुम्ही अजून आजोबांच्या काळातच आहात. तो नुसता हसला. ते हसणं मला झोंबलं.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही दरीच्या काठावर होतो. वारा सुटला होता. दांडा पूर्ण वर काढून मी उभा राहिलो आणि दुर्बिणीत समोरची अख्खी उतरण थरथरायला लागली. हरीण सापडलं, मादी आहे हेही कळलं. तिच्या पायांशी फर्नची दाटी होती. तिथे काही हललं, की माझा ट्रायपॉडच हलला, देव जाणे. सहकारी पालथा पडून नेम धरून होता. त्याने हळूच विचारलं, "पिल्लू आहे का? नीट बघून सांग. असेल तर मी मारणार नाही."

नीट दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

"नाही," मी म्हणालो. "एकटीच आहे."

त्याने एका गोळीत तिला पाडलं. दरी उतरून पलीकडे चढायला आम्हाला तासभर लागला. पाडस तिथेच होतं. आईच्या पोटाला ढुसण्या देत होतं, दूध येईना म्हणून पुन्हा पुन्हा. आम्हाला पाहूनही ते पळालं नाही. सहकाऱ्याने मला एक शिवीसुद्धा घातली नाही, याचा मला अजून राग आहे. एवढं लहान आईवाचून जगायचं नाही, इतकंच सांगून त्याने बंदूक माझ्या हातात दिली आणि मागे येऊन उभा राहिला. माझी पहिली गोळी मागच्या पायांत लागली. ते पुढच्या दोन पायांवर आईकडे सरकत राहिलं. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटायला लागलो, तर तो म्हणाला, बघ. मी बघितलं.

परतताना त्याने गाडीत एकदाच विचारलं, तुला खरंच नीट दिसलं होतं का? मागे दोन्ही जनावरं होती.

"अगदी स्पष्ट," मी म्हणालो. "तेव्हा तिथे पिल्लू नव्हतंच."